चौकशीला नेलंय म्हणजे नेमकं कुठं नेलंय?

(वकीलताईंना विचारा)

मागच्या अंकात पोलीस कस्टडीवर एकच छोटं उत्तर दिलं होतं आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले, ताई या वेळी सगळं सदर यावरच करा. जमीन, वाटणी, पोटगीवाल्यांनी प्लीज रागवू नका, पुढच्या वेळी तुमचंच घेते. सगळ्यांची नावं काढलीत, गावं मुद्दाम मोघम ठेवलीत. मी स्वतः जिल्हा कोर्टात तेवीस वर्षं फौजदारी कामं करते, त्यामुळे काही ठिकाणी कायद्यापेक्षा अनुभवच जास्त बोलेल.

ताई, सोमवारी रात्री साडेअकराला साध्या कपड्यातले दोघं आले आणि माझ्या भावाला घेऊन गेले. म्हणाले चौकशी आहे, सकाळी सोडतो. आज बुधवार. ठाण्यात गेलं की सांगतात एलसीबीला (स्थानिक गुन्हे शाखेला) विचारा, एलसीबीत गेलं की सांगतात ठाण्यात विचारा. गुन्हा काय तेच माहीत नाही. भाऊ गॅरेजमध्ये कामाला आहे. त्याला मारत असतील का हो? – एक बहीण, जि. सोलापूर

तुमचं पत्र छापेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, आणि भाऊ आता घरी आहे हे बाकीच्या वाचकांना सांगून टाकते. पण तुमचा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राचा आहे म्हणून उत्तर सविस्तर देते.

"चौकशीला नेलं" असा प्रकार कायद्यात नाहीच मुळी. एक तर पोलिसांनी लेखी नोटीस देऊन बोलवायचं, किंवा मग अटक करायची. मधलं काही नाही. आता आपल्या बोलण्यातच बघा, आपण म्हणतो "सोमवारी उचललं आणि बुधवारी अटक दाखवली". अटक केली वेगळं आणि अटक दाखवली वेगळं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. आणि मारहाण होते ती बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधल्या वेळेतच होते, कारण अटक कागदावर आली की घड्याळ सुरू होतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं (प्रवासाचा वेळ सोडून), मेडिकल करावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. अटक दाखवलीच नाही तर माणूस कुठेच नाही, ना ठाण्यात ना घरी. म्हणून माझं सगळं सांगणं एकच आहे, तो मधला वेळ कागदावर आणा.

कसा आणायचा? पहिलं म्हणजे ११२ ला फोन करा. पोलिसांचीच तक्रार पोलिसांकडे कशाला असं वाटेल, पण त्या कॉलची नोंद होते, वेळेसकट. मग एसपींना ईमेल, कंट्रोल रूमला मेसेज, आणि त्याचीच कॉपी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. मजकूर साधा ठेवा, भावाचं नाव, अमुक तारीख, अमुक वाजता, इतके जण, गाडीचा नंबर किंवा निदान रंग, आणि "आजपर्यंत अटकेची माहिती दिलेली नाही" एवढंच. शिव्या नकोत, रडगाणं नको. शेजारच्या किराणा दुकानाचा, सोसायटीचा, पेट्रोल पंपाचा कॅमेरा असेल तर ते फुटेज त्याच दिवशी मागा.

ठाण्यात गेलात की भांडू नका, फक्त विचारा की अटक केलेल्यांच्या यादीत नाव आहे का. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक अधिकारी नेमून त्याच्याकडे अटक केलेल्यांची नावं-पत्ते आणि गुन्हा ठेवायचा आणि ते ठळकपणे लावायचं, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जो सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आला त्या कायद्यात, कलम ३७ मध्ये आहे. बोर्ड कोरा असेल तर मोबाईलवर फोटो काढायला जाऊ नका उगाच वाद होतो, वकिलाला सोबत न्या आणि त्याच्याकडून लेखी अर्ज द्या.

तरी पत्ता लागत नाही? दोन रस्ते. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडे बेकायदा डांबलेल्या माणसाच्या शोधासाठी सर्च वॉरंटचा अर्ज (कलम १००), हा स्वस्त आणि जवळचा, पण का कोण जाणे वकीलच विसरतात. आणि दुसरा हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका. तुमच्या सोलापूरला आता मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय.

हे सगळं कुठून आलं तेही सांगते. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या पेपरमधल्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना एक पत्र पाठवलं. नुसतं पत्र. तेच याचिका धरलं गेलं आणि दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ ला, सुप्रीम कोर्टाने अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा आणि त्यावर घरच्यांपैकी किंवा वस्तीतल्या एका माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, अंगावरच्या जखमांची नोंद, दर ४८ तासांनी मेडिकल, वकिलाला भेटू देणं. यातलं बरंचसं आता कायद्यातच आहे. म्हणून साध्या कपड्यातला माणूस दारात आला आणि पट्टी नसेल तर नाव विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो सांगेलच असं नाही, पण विचारलं होतं हे नंतर कोर्टात सांगता येतं.

माझे वडील ६७ वर्षांचे आहेत, शेजाऱ्याच्या भांडणात साक्षीदार म्हणून ठाण्यात या असे रोज फोन येतात. जावंच लागेल का? – बारामती

नाही. साठ वर्षांवरचा पुरुष, कुठलीही बाई, पंधराच्या आतला मुलगा, अपंग किंवा आजारी माणूस, यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. फोनवर नम्रपणे सांगा की साहेब, घरी या, चहा ठेवते. आणि त्यांना आरोपी म्हणून नोटीस द्यायची असेल तर ती व्हॉट्सॲपवर चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये ते स्पष्ट केलंय.

माझ्या मुलाला चोरीच्या केसमध्ये कोर्टात उभं केलं. जज साहेबांनी विचारलं पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, तो नाही म्हणाला. संध्याकाळी भेटले तर त्याला नीट बसताही येत नव्हतं. तो खोटं का बोलला? आता काही करता येतं का? – एक आई, मराठवाडा

वहिनी, तो खोटं नाही बोलला, तो घाबरला. मी ही गोष्ट शेकडो वेळा बघितलीय. त्याच्या मागे दोन हातांवर तेच दोघं उभे असतात ज्यांनी रात्री मारलं, आणि त्याला हे माहीत असतं की पाच मिनिटांनी पीसीआर (पोलीस कस्टडी) मिळणार आणि परत त्यांच्याच गाडीत बसायचंय. मॅजिस्ट्रेट खाली बघून विचारतात, "पोलिसांविरुद्ध तक्रार?" आणि पोरगा म्हणतो नाही, आणि रोजनाम्यावर येतं, तक्रार नाही. झालं. पुढे चार वर्षांनी ट्रायलमध्ये सरकारी वकील तोच कागद फडकवतो.

तर करायचं काय. कोर्टात उभं करण्याआधी वकिलाने मुलाला पाच मिनिटं बाजूला भेटायचं, पोलिसांच्या कानाबाहेर, आणि अंगावर काय आहे ते बघायचं. तोंडी तक्रारीवर थांबायचं नाही, लेखी अर्ज द्यायचा की अंगावर खुणा आहेत, कोर्टाने स्वतः बघाव्यात आणि मेडिकलला पाठवावं. मी तर सरळ म्हणते, साहेब, त्याला शर्ट काढू द्या. एकदा एका साहेबांनी खरंच चेंबरमध्ये नेऊन बघितलं आणि पाठ बघून पीसीआरच्या ऐवजी एमसीआर दिली, म्हणजे पोरगा पोलिसांकडे न जाता जेलमध्ये गेला. जेलमध्ये जाणं ही चांगली बातमी असू शकते हे त्या दिवशी त्याच्या आईला समजावताना माझीच जीभ अडखळत होती.

आणि पहिल्या दिवशीचं "नाही" म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पुढच्या तारखेला सांगता येतं, उशीर का झाला तेही सांगता येतं. तुम्ही आजच जेल सुपरिटेंडेंटला आणि कोर्टाला लेखी कळवा, आणि मेडिकलची मागणी करा, दोन आठवड्यांनी वळ शिल्लक राहत नाहीत.

एक नवीन कटकट लक्षात ठेवा. आधी पोलीस कस्टडी पहिल्या पंधरा दिवसांतच मागता यायची. आता नव्या संहितेत हेच पंधरा दिवस तुकड्या-तुकड्याने, गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. म्हणजे जेलमध्ये गेला म्हणून निवांत झालात आणि महिन्याने पोलीस परत त्याला मागायला आले असं होऊ शकतं. वकिलाला सांगून ठेवा की प्रत्येक रिमांडला हजर राहायचं, नुसत्या पहिल्या नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. रात्री दोन वाजता पोलीस यादी (मेडिकल करून द्या असं पत्र) घेऊन येतात, आरोपी गाडीतच असतो, म्हणतात मॅडम फिट लिहून द्या, साहेब थांबलेत. मी लिहून देते. चूक करते का? – एक डॉक्टर

हो. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट बोलते, आणि विचारलंत याचं कौतुकही आहे.

तो कागद म्हणजे फक्त फॉर्मॅलिटी नाही हो, बऱ्याच केसमध्ये तो एकमेव कागद असतो जो पोलिसांनी लिहिलेला नसतो. नव्या संहितेच्या कलम ५३ प्रमाणे तुम्ही अंगावरच्या जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या साधारण कधी झाल्या असतील ते लिहायचं असतं, आणि त्याची एक प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्याला द्यायची असते. ही प्रत दिलेली मी तेवीस वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या वेळा बघितलीय. माणसाला गाडीतून उतरवून टेबलावर घ्या. पोलिसांना दाराबाहेर उभं करा, दार उघडं ठेवा हवं तर पण कानाबाहेर. कपडे काढून बघा, तळपाय विसरू नका, कारण पट्टा तिथेच पडतो, वरून काही दिसत नाही आणि माणूस टाच टेकवत नाही. वळाचा रंग लिहा, लाल-निळा की हिरवट की पिवळा, आधी मारलं की अटकेनंतर हे त्यावरून अंदाजे कळतं. शरीराचं चित्र असलेला फॉर्म नसेल तर पेनाने काढा, वेडंवाकडं चालतं. तो म्हणाला "पडलो", तर "पडलो असं सांगतो" लिहा आणि पुढे तुम्हाला काय दिसतं ते लिहा. आणि वेळ लिहा, आणला किती वाजता, तपासला किती वाजता.

साहेब थांबलेत म्हणतात ना, थांबू द्या.

वकीलबाई, ३४ वर्षं खात्यात काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो. तुम्ही लोकं एसीत बसून लिहिता. सराईत चोर प्रेमाने विचारून सांगतो का? बाजीराव (मारायचा पट्टा) दाखवला की पाच मिनिटांत माल निघतो. ज्या म्हातारीचं मंगळसूत्र गेलं तिला विचारा ह्युमन राइट्स काय असतं ते. – एक निवृत्त पोलीस, नाशिक

साहेब, माझ्या ऑफिसात एसी नाही, पंखा आहे आणि तोही आवाज करतो. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण त्यातली एक गोष्ट खरी आहे. तुमच्यावरही मार असतो, फक्त तो दिसत नाही. पेपरात बातमी आली की वरून फोन, चोवीस तासांत डिटेक्शन पाहिजे, बंदोबस्त, गणपती, व्हीआयपी ड्युटी, आठवडी सुटी कागदावर, फॉरेन्सिकचा रिपोर्ट महिनोन्महिने येत नाही, आणि हाताशी काय तर एक संशयित आणि तो बाजीराव. मग माणूस जे हाताशी आहे तेच वापरतो. इंग्रजांच्या काळात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेतज्ज्ञाने एका अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय, अर्थ असा की उन्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून गरिबाच्या डोळ्यात मिरची चोळणं जास्त सुखाचं असतं. दीडशे वर्षं होत आली, मिरचीच्या जागी पट्टा आला एवढंच.

आता माल निघतो म्हणता त्याबद्दल. माझ्याकडे एक पोरगा होता, दागिन्याच्या चोरीत धरलेला. त्याने कबूल केलं, एक नाही तीन चोऱ्या कबूल केल्या. सोनं वितळवून विकलं म्हणाला, सोनारही "सापडला", सोनाराने भीतीने स्वतःच्या पदरची एक लगड दिली. चार महिन्यांनी फिर्यादी बाईंना त्यांचा हार घरातच गव्हाच्या कोठीत सापडला. बाई प्रामाणिक, स्वतः कोर्टात येऊन सांगितलं. मग ती लगड कशाची होती साहेब? ती माराची होती. मार मिळाला की माणूस खरं सांगत नाही, समोरच्याला जे ऐकायचंय ते सांगतो.

मोठी उदाहरणं हवीत तर २०१७ चं गुडगाव घ्या. शाळेतल्या लहान मुलाचा खून झाला, पोलिसांनी बसच्या कंडक्टरला धरलं, त्याने कॅमेऱ्यासमोर कबूलही केलं, सगळा देश म्हणाला फाशी द्या. मग सीबीआय आली आणि तिने कंडक्टरला सोडून त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. कंडक्टरने सांगितलं, मारून वदवून घेतलं. हे सीबीआयकडे गेलं नसतं तर?

आणि त्याच वर्षी आपल्या सांगलीत. लूटमारीच्या संशयावरून धरलेला तरुण ठाण्यात मारहाणीत मेला आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला, पळून गेला असं सांगितलं. त्या पोलिसांवरच खुनाचा गुन्हा लागला, नोकऱ्या गेल्या. त्यांचीही घरं होती, बायका-पोरं होती. पोलीस मित्रांना मी हेच सांगते की कबुलीसाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १२०, सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत झाली तर दहा वर्षांपर्यंत. ज्यांनी "काढ माल, नाहीतर बघ" असा फोन केला ते वरचे साहेब त्या वेळी तुमच्या शेजारी पिंजऱ्यात उभे नसतात.

म्हातारीच्या मंगळसूत्राचं म्हणाल तर तिला तिचं मंगळसूत्र हवंय, दुसऱ्या कुणाच्या तरी सोनाराची लगड नकोय.

लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही असं शिकवतात, मग पोलीस कबुलीच्या मागे का लागतात? – पुणे

बरोबर शिकवतात, अर्धं शिकवतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली चालत नाही हा नियम कुणी उदार मनाने दिलेला नाही. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात सरकारने छळाची चौकशी करायला आयोग नेमला होता, सारावसुली आणि पोलीस तपास दोन्हींत सर्रास छळ चालतो हे त्यात बाहेर आलं, आणि मग १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ही बंदी आली. म्हणजे इंग्रजांनाही स्वतःच्या पोलिसांवर भरवसा नव्हता. आज तेच साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम २३ मध्ये आहे.

पण त्यातच एक फट आहे, जुनं कलम २७. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढा भाग चालतो. म्हणून सगळा आटापिटा "मी दाखवून देतो" या वाक्यासाठी असतो. निवेदन पंचनामे उघडून बघ, वीस जिल्ह्यांतले वीस आरोपी एकाच भाषेत बोलतात, "सदर वस्तू मी लपवून ठेवली असून ती मी आपणास काढून देतो". कोण बोलतं असं? रिक्षावाला बोलतो? आणि पंच बघ, त्याच ठाण्याच्या चार केसमध्ये तेच दोन पंच, चहाच्या टपरीवाले. उलटतपासणीत सुरुवात तिथून करायची.

दुसरी फट त्याहून मोठी. मोक्का, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा आपला कायदा, त्यात एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. ११ जुलै २००६ चे मुंबईचे लोकलमधले स्फोट आठव, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप, आणि त्यात कबुलीजबाबांचा मोठा वाटा होता. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि कबुलीसाठी छळ झाला हे आरोपींनी दाखवून दिलंय असं म्हटलं, त्यात दवाखान्याचे कागद कामाला आले (वरच्या डॉक्टर मॅडम, वाचताय ना?). सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे या निकालाचा दाखला इतर केसमध्ये देऊ नका असं सांगितलं पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये बोलावलं नाही. निकाल काय लागायचा तो लागेल. पण ज्यांची माणसं गेली त्या घरांच्या हातात एकोणीस वर्षांनी काय आलं? कच्चा तपास आणि मारून घेतलेली कबुली, याचं बिल आरोपीइतकंच फिर्यादीच्याही नावावर फाटतं.

खरी कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३, आधी ताकीद देऊन. तिथे माणूस म्हणाला मला नाही द्यायची, तर त्याला पोलीस कस्टडीत परत पाठवता येत नाही. हे परीक्षेत नक्की येतं. नार्को आणि लाय डिटेक्टर संमतीशिवाय नाही, सेल्वी केस, २०१०, हेही.

ठाण्यात सीसीटीव्ही आहेत ना आता? मग मारतात कसे? – सातारा

डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे, लॉकअप, गेट, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, आवाजासकट आणि अंधारात दिसणारे, रेकॉर्डिंग दीड वर्ष, आणि काहीच शक्य नसेल तर निदान एक वर्ष. आता मी फुटेज मागितलं की काय उत्तर येतं सांगू? त्या दिवशी लाइट नव्हती. हार्ड डिस्क खराब. मेंटेनन्सचं टेंडर निघायचंय. आणि कॅमेरा चालू असला तर माणूस ठाण्यात नसतोच, जुन्या क्वार्टरमध्ये, लॉजवर, शेतातल्या खोलीत असतो. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला हा विषय स्वतःहून परत घ्यावा लागला, यातच सगळं आलं. तरी फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच रिमांडला द्या. नाही मिळालं तर नाही मिळालं हेही रेकॉर्डवर येतं.

मी पालावरच्या मुलांची शाळा चालवतो. तालुक्यात कुठंही चोरी झाली की पहाटे गाड्या येतात आणि पारध्यांची पोरं उचलतात. पुरुष सापडला नाही तर बायकोला नेऊन बसवतात. आम्ही कुणाकडे जायचं? – एक शिक्षक, जि. अहिल्यानगर

सर, या सदरातलं सगळ्यात अवघड पत्र तुमचं. वर मी ज्या ईमेल आणि ११२ च्या गोष्टी सांगितल्या त्या गॅरेजवाल्याच्या बहिणीला जमतात, पालावर ना पत्ता ना लाइट. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो रद्द झाला, पण ठाण्यातल्या डोक्यातून गेला नाही. संशयित कोण हे गुन्हा घडायच्या आधीच ठरलेलं असतं.

नवऱ्याच्या बदल्यात बायको नेणं हे कुठल्याच कायद्यात बसत नाही, ते ओलीस ठेवणं झालं. बाईला सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत अटक करता येत नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या जेलमधल्या जातिभेदाच्या केसमध्ये ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलंय. त्या आदेशाची प्रत मराठी दोन ओळींच्या पत्रासह एसपी आणि ठाण्याला आत्ताच देऊन पोच घ्या, घटना घडायची वाट बघू नका. आणि शाळेत एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, गाडी, कुणाला नेलं, कधी सोडलं, सुटल्यावर अंगावर काय होतं. शिक्षकाच्या अक्षरातली, रोजच्या रोज लिहिलेली वही कोर्टात वजनदार असते. सहा महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे या, फी नको.

इथे इंग्लंडमध्ये प्रत्येक चौकशी रेकॉर्ड होते, वकील शेजारी बसतो. आपल्याकडे का नाही होऊ शकत? – एक वाचक, लेस्टर

तिथेही आधीपासून नव्हतं हो. १९७२ मध्ये लंडनला एका खुनात तीन पोरांनी कबुली दिली, शिक्षा झाली आणि १९७५ मध्ये ती चुकीची ठरली. त्यावरून चौकशी आणि मग १९८४ चा पोलीस कायदा. बर्मिंगहॅमच्या स्फोटातले सहा जण तर सोळा वर्षं आत राहून १९९१ ला सुटले. तुमच्याकडची मला आवडणारी गोष्ट रेकॉर्डिंगपेक्षा वेगळी आहे, कोठडीचा अधिकारी आणि तपासाचा अधिकारी हे दोन वेगळे लोक असतात. आपल्याकडे ज्याला कबुली हवी असते त्याच्याच खिशात लॉकअपची चावी. आणि आपल्याकडे वकील चौकशीच्या वेळी भेटू शकतो पण पूर्णवेळ बसू शकत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. एक पाऊल मात्र पडलंय, नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि तेही मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी.

छळाविरुद्ध वेगळा कायदा आहे का? कोठडीत माणूस मेला तर पुढं काय होतं? आणि वकिलाला पैसे नसले तर? – तीन पत्रं एकत्र

वेगळा कायदा नाही. भारताने १९९७ ला आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० ला लोकसभेत विधेयक पास झालं, राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. २०१७ ला विधी आयोगाने परत मसुदा दिला, तो धूळ खातोय.

कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी सक्तीची आहे, पोलिसांची वेगळी. २०१७ ते २०२२ या पाच आर्थिक वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू झाल्याचं केंद्राने संसदेत सांगितलं, त्यात महाराष्ट्र ७६, गुजरातच्या खालोखाल. पण चौकशी झाली म्हणजे गुन्हा दाखल होतोच असं नाही. परभणीचा कायद्याचा विद्यार्थी डिसेंबर २०२४ मध्ये गेला, मॅजिस्ट्रेटचा अहवाल येऊनही पोलिसांवर गुन्हा नोंदवायला जुलै २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला, त्याविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि हरलं. त्याची आई लढली म्हणून झालं. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार एक वर्षाच्या आत करा, नंतर घेत नाहीत.

पैसे नसले तर १५१००, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, सुटीच्या दिवशी रिमांड असेल तरी मागा.

आणि हो, सोलापूरच्या ताई, तुमच्या घरासमोरच्या मेडिकल दुकानाचं त्या सोमवारच्या रात्रीचं फुटेज पेनड्राइव्हवर घेतलं का? दुकानदारांचं रेकॉर्डिंग पंधरा-वीस दिवसांत आपोआप पुसलं जातं. भाऊ घरी आला म्हणून विसरू नका, आजच संध्याकाळी जाऊन घ्या.